पराभवाचा धनी कोण?

संघ हरला की त्याचे चाहते दुसऱ्या दिवशी पहिला प्रश्न विचारतात, "हे कोणामुळे झाले?" अमेरिकेत महाविद्यालयीन फुटबॉलच्या बाबतीत हा प्रश्न फार तावातावाने विचारला जातो. तेथे काही विद्यापीठांच्या क्रीडांगणांत एक लक्षाहून अधिक प्रेक्षक बसतात आणि शनिवारचा पराभव पुढचा आठवडाभर घरोघरी चघळला जातो. कोणी म्हणतो, प्रशिक्षकाने घात केला. कोणी म्हणतो, पोरांनी हातचा सामना घालविला. या वादात न्यायाने बोलावयाचे तर काय पाहावे, याचा आज विचार करू.

गोव्यातील श्रोत्यांना फुटबॉल म्हणताच जो खेळ आठवेल, तो हा नव्हे. या खेळातील चेंडू लंबगोल असतो. तो हातात धरून पळतात, फेकतात आणि प्रसंगी लाथेने उडवितात. प्रत्येक बाजूस अकरा खेळाडू असतात आणि दोन अंत्यरेषांमध्ये १०० यार्डांचे अंतर असते. चेंडू ज्यांच्याकडे असेल त्यांना चार प्रयत्नांत किमान १० यार्ड पुढे सरकावे लागते. नाही तर चेंडू प्रतिपक्षाकडे जातो. चेंडूसह अंत्यरेषा ओलांडली की ६ गुण मिळतात. लाथेने चेंडू दोन खांबांमधून धाडला तर ३.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी की, प्रत्येक प्रयत्नानंतर खेळ थांबतो आणि पुढचा डाव बहुधा मैदानाच्या कडेला उभा असलेला प्रशिक्षक ठरवितो. कोणी कोठे पळावे, कोणी कोणास अडवावे, हे आधी आखलेले व पाठ करून घेतलेले असते. क्रिकेटमध्ये मैदानावरचे निर्णय कर्णधार घेतो. येथे ते अधिकार मोठ्या प्रमाणात प्रशिक्षकाच्या हाती असतात. म्हणून निर्णय आणि कृती या दोन गोष्टी येथे वेगळ्या करून पाहता येतात आणि पाहिल्याही पाहिजेत.

३० नोव्हेंबर २०१३ चा अलाबामा व ऑबर्न या विद्यापीठांचा सामना घ्या. अलाबामाचा संघ तेव्हा देशात पहिल्या क्रमांकावर होता आणि लागोपाठ दोन वर्षांचा विजेता होता. २८-२८ अशी बरोबरी असता घड्याळ संपले. परंतु अलाबामाचे प्रशिक्षक निक सेबन यांनी एक सेकंद शिल्लक असल्याचा दावा केला आणि तो मान्य झाला. त्या एका सेकंदात ५७ यार्डांवरून खांबांमध्ये चेंडू मारण्याचे त्यांनी ठरविले व त्यासाठी अॅडम ग्रिफिथ या नवख्या खेळाडूस पाठविले. चेंडू तोकडा पडला. ऑबर्नच्या प्रशिक्षकांनी ही शक्यता ओळखून ख्रिस डेव्हिस यास अगदी मागे उभे केले होते. त्याने चेंडू झेलला आणि मैदानाची सारी लांबी पळून जाऊन ६ गुण मिळविले. ऑबर्न ३४, अलाबामा २८.

आता दोष वाटू या. चाहत्यांचा रोष मुख्यतः केड फॉस्टर या दुसऱ्याच खेळाडूवर कोसळला, कारण त्याआधी लाथेने गुण मिळविण्याच्या तीन संधी त्याच्या हातून गेल्या होत्या. त्याला जिवे मारण्याच्या धमक्या आल्या. पण त्या तीन संधी नीट तपासा. पहिली त्याने स्वतः चुकविली, हे खरे. दुसऱ्या वेळी त्याने चेंडू अचूक मारला होता. परंतु संघाकडून नियमभंग झाल्याने तो प्रयत्न बाद ठरला, पाच यार्ड मागून पुन्हा मारावे लागले आणि तेव्हा तो चुकला. तिसऱ्या वेळी प्रतिपक्षाचा खेळाडू फळी भेदून आत शिरला आणि त्याने चेंडू अडविला. फळी सांभाळणे हे काही चेंडू मारणाऱ्याचे काम नव्हे.

निर्णयांकडे वळू. चौथ्या भागात अलाबामा २८-२१ असा पुढे होता आणि ऑबर्नच्या रेषेपासून केवळ १३ यार्डांवर होता. तेथे ३ गुणांसाठी चेंडू न मारता उरलेला एक यार्ड पळून मिळविण्याचे ठरले. तो प्रयत्न फसला. अखेरच्या डावात तर धोका उघड होता. चेंडू तोकडा पडल्यास तो उचलून पळण्याची मुभा प्रतिपक्षास असते आणि अशा वेळी मैदानावर आडवे उभे राहणारे धिप्पाड खेळाडू असतात. वेगाने पाठलाग करणारे नसतात. हा हिशेब करण्याची जबाबदारी वीस वर्षांच्या मुलाची नव्हती.

तथापि निकालावरून निर्णयाची किंमत ठरविणे हाही अन्यायच. तो ५७ यार्डांचा चेंडू खांबांमधून गेला असता, तर त्याच प्रशिक्षकाची दूरदृष्टी लोकांनी वाखाणली असती. निर्णय घेताना काय ठाऊक होते आणि दुसरा कोणता मार्ग मोकळा होता, एवढेच विचारावे.

मग खेळाडूचा दोष कधीच नसतो काय? असतो. १ जानेवारी १९२९ रोजी पॅसाडेना येथील सामन्यात कॅलिफोर्नियाच्या रॉय रीगल्स याने निसटलेला चेंडू उचलला आणि दिशाभूल होऊन तो साठांहून अधिक यार्ड आपल्याच रेषेकडे पळाला. सहकाऱ्याने त्याला रेषेजवळ कसेबसे थांबविले. लगेचच त्यांनी लाथेने दूर धाडू पाहिलेला चेंडू अडविला गेला आणि जॉर्जिया टेकला २ गुण मिळाले. सामना कॅलिफोर्नियाने ७-८ असा गमावला. येथे चूक निःसंशय खेळाडूची होती. पण प्रशिक्षक निब्स प्राइस यांनी त्याला उत्तरार्धात पुन्हा मैदानावर पाठविले आणि तो उत्तम खेळला. पुढच्या हंगामात तोच संघाचा कर्णधार होता.

आता एक नवा युक्तिवाद ऐकू येतो. २०२५ च्या जुलैपासून अमेरिकन विद्यापीठांना खेळाडूंस थेट पैसे देण्याची मोकळीक मिळाली आहे. तेव्हा पैसे घेणाऱ्याने बोलणीही खावीत, असे म्हणतात. खेळावर टीका अवश्य व्हावी. परंतु मानधन घेतल्याने धमक्या सोसण्याचे बंधन कोणावर येत नाही. शिवाय तुलना पाहा. टेक्सास ए अँड एम विद्यापीठाने २०२३ मध्ये प्रशिक्षक जिंबो फिशर यांना दूर केले, तेव्हा करारानुसार त्यांना सुमारे ७ कोटी ६० लक्ष डॉलर देणे निघाले. अपयशी प्रशिक्षकाला करार सावरून धरतो. चुकलेल्या मुलाला सावरणारे कोणी असतेच असे नाही.

फॉस्टरला मात्र एक पत्र आले. त्याच्या अंगरख्यावर ४३ हा आकडा होता आणि अमेरिकेचे ४३ वे अध्यक्ष जॉर्ज बुश यांनी स्वहस्ते लिहून त्याला धीर दिला.

तात्पर्य असे की, डाव आखणारा आणि मुले निवडणारा प्रशिक्षक पराभवाला उत्तरदायी असतो. जाब त्याला विचारावा. हातून निसटलेला चेंडू खेळाडूचा असतो. ती चूक त्याला दाखवावी आणि सुधारण्यासाठी पुन्हा मैदानावर पाठवावे. ज्या प्रशिक्षकाला जाब देताना मुलांकडे बोट दाखवावे लागते, त्याच्याविषयी मात्र चाहत्यांनी खुशाल शंका घ्यावी.