नाव राखणारं कांस्य

पहिल्या महायुद्धात ब्रिटिश साम्राज्यासाठी लढताना जे गेले, त्यांच्या घरी कांस्याची एक जाडजूड चकती पाठवली जाई. तिच्या नमुन्यासाठी १९१७ साली स्पर्धा झाली. ८०० हून जास्त नमुने आले, त्यांतून लिव्हरपूलच्या एडवर्ड कार्टर प्रेस्टन यांचा निवडला गेला. व्यास सुमारे १२ सेंटिमीटर. त्रिशूळधारी ब्रिटानिया, सिंह, दोन डॉल्फिन आणि चौकटीत मृताचं नाव. हुद्दा नाही, त्यामुळे जनरल आणि शिपाई यांची चकती सारखीच. अशा १३ लाखांहून अधिक चकत्या घडल्या, त्यांतल्या काही मराठी मुलखातही आल्या.

इथली माणसं मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, लढत होती. जनरल टाउनशेंड यांच्या सहाव्या, म्हणजे पुणे डिव्हिजनमध्ये १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. डिसेंबर १९१५ पासून तिथल्या कुत-अल-अमारा या गावात या फौजेला तुर्कांचा वेढा पडला. अन्न संपत आलं, घोडी कापून खायची वेळ आली. २९ एप्रिल १९१६ ला फौज शरण गेली आणि पुढे कैदेतल्या पायपिटीत हजारो मेले. मेसोपोटेमियाच्या लढाईत मेलेल्या, पण ज्यांची कबर सापडली नाही अशा चाळीस हजारांहून अधिक जणांचं स्मारक बसऱ्याजवळ आहे. तिथल्या फलकांवर भारतीय अधिकाऱ्यांची नावं कोरली; साध्या शिपायांचा मात्र पलटणीनिहाय नुसता आकडा. त्यांची नावं कागदी नोंदवहीत राहिली. हा अन्याय मला आजही बोचतो. आणि म्हणूनच गावाकडच्या एखाद्या ट्रंकेतली अशी चकती मला बसऱ्याच्या दगडाहून मोलाची वाटते.

तिच्यावरची अक्षरं साच्यातूनच उठून आलेली आहेत. चिंच, राख किंवा पॉलिश लावून घासलं की ती झिजतात. काळपटपणा राहू द्यावा. कोरड्या सुती कापडात गुंडाळून ओलीपासून दूर ठेवावी, एवढंच पुरे. युद्धपदकांचं दुखणं वेगळं. त्यांतली काही चांदीची, त्यामुळे अडचणीच्या वर्षी कितीतरी सोनाराच्या मुशीत गेली. असं पदक विकण्याआधी, निदान एकदा, त्याची कड भिंगाखाली वाचावी. तिच्यावर नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. त्या नंबरावरून जुन्या नोंदींत माणूस सापडू शकतो.

गाव मात्र कडेवर नसतं. बापाचं नाव, वाडी, मागे राहिलेली बायको कोण, हे घरातल्या म्हाताऱ्यांना विचारून पेन्सिलीने कागदावर लिहावं आणि तो कागद पदकासोबतच ठेवावा.