गोंगाटातलं देवाशी भांडण

'बंद कर तो आरडाओरडा!' हे वाक्य ज्यांच्या घरात कधीच ऐकू आलं नाही, त्यांनी हा लेख नाही वाचला तरी चालेल. बाकीच्यांनी थांबा. हेवी रॉक आणि मेटल ऐकणाऱ्यांबद्दल आपल्याकडे एक ठरलेलं चित्र असतं. काळे टी-शर्ट, त्यावर कवट्या आणि देवाधर्माशी छत्तीसचा आकडा. वर 'त्यातले शब्द तरी कळतात का तुला?' हा टोमणा. खरं सांगू? पहिल्या फटक्यात नाही कळत. पण कळायला लागले की लक्षात येतं, ही मंडळी देवाबद्दल जितकं बोलतात तितकं भक्तिसंगीत सोडलं तर क्वचितच कोणी बोलत असेल. फक्त ते हात जोडून बोलत नाहीत, एवढंच.

अर्थात, गाण्यात अर्थ शोधणं हा निसरडा उद्योग आहे. त्याचा एक सॉलिड किस्सा १९८५ सालचा. अमेरिकेच्या सिनेटमध्ये रॉक गाण्यांच्या शब्दांवर चक्क सुनावणी झाली. सिनेटर अल गोर यांच्या पत्नी टिपर गोर यांचं म्हणणं होतं, की 'ट्विस्टेड सिस्टर' बँडचं 'अंडर द ब्लेड' हे गाणं लैंगिक छळाला उत्तेजन देतं. बांधलेले हात, धारदार पातं, भीती, सगळं आहेच की त्यात! बँडचा गायक डी स्नायडर बिनबाह्यांच्या जाकिटात, पिंजारलेल्या केसांनी समितीसमोर आला आणि त्यानं सांगितलं, गाणं ऑपरेशनबद्दल आहे. त्यांच्या गिटारिस्टच्या घशाचं ऑपरेशन व्हायचं होतं, त्या भीतीतून ते आलं. जो जे शोधायला जातो त्याला ते सापडतं, हा त्याचा मुद्दा. आणि हो, आपण ख्रिश्चन संस्कारांत वाढलोय, दारू-सिगारेटला शिवत नाही, हेही त्यानं जाता जाता ऐकवलं.

'ब्लॅक सॅबथ'चंही तेच. मेटलचा उगम जिथून मानतात तो हा बर्मिंगहॅमचा बँड. १९७० साली पहिला अल्बम आला, आतल्या पानावर उलटा क्रॉस छापलेला. तो रेकॉर्ड कंपनीनं बँडला न विचारता टाकला होता, पण सैतानाचे पुजारी हा शिक्का बसला तो बसलाच. गंमत म्हणजे गाणी लिहिणारा बासिस्ट गीझर बटलर कॅथलिक घरातला. १९७१ च्या 'आफ्टर फॉरेव्हर'मध्ये तर तो देवाची टिंगल करणाऱ्यांनाच फैलावर घेतो. २०२५ च्या जुलैमध्ये ऑझी ऑस्बॉर्न गेला तेव्हा त्याचे क्रॉस घातलेले फोटो सगळीकडे फिरले. बँडच्या गळ्यातले सुरुवातीचे क्रॉस त्याच्या वडिलांनी, एका कारखान्यातल्या कामगारानं, स्वतःच्या हातानं बनवले होते.

'मेटॅलिका'च्या जेम्स हेटफिल्डचं प्रकरण मात्र जास्त खोल आहे. त्याचे आईवडील ख्रिश्चन सायन्स पंथाचे. आजार प्रार्थनेनं बरा होतो, औषधांची गरज नाही, अशी त्यांची श्रद्धा. आईला कॅन्सर झाला, तिनं उपचार घेतले नाहीत आणि जेम्स सोळा वर्षांचा असताना ती गेली. १९९१ च्या काळ्या कव्हरच्या अल्बममधलं 'द गॉड दॅट फेल्ड' हे गाणं त्यातून आलं. नावावरून ते नास्तिकाचं वाटतं. मला ते कधीच तसं वाटलं नाही. जो नाहीच आहे त्याच्यावर कोणी इतकं चिडत नाही.

आता येते माझ्या सगळ्यात आवडत्या माणसाकडे. 'टूल' या बँडचा गायक मेनार्ड जेम्स कीनन. त्याची आई जुडिथ मरी, पक्की बाप्टिस्ट. १९७६ साली तिच्या मेंदूतली रक्तवाहिनी फुटली आणि शरीर लुळं पडलं. मेनार्ड तेव्हा अकरा-बारा वर्षांचा. पुढची सत्तावीस वर्षं, २००३ मध्ये जाईपर्यंत, ती तशीच जगली आणि तिची श्रद्धा जागची हलली नाही. हे पोराला झेपेना. २००० साली, आई जिवंत असताना, त्याच्या 'अ परफेक्ट सर्कल' या दुसऱ्या बँडनं एक गाणं आणलं, नाव सरळ 'जुडिथ'. त्यात तो देवाला आईबहिणीवरच्या शिव्या घालतो आणि आईलाही सोडत नाही. ज्यानं तुझं हे केलं त्याचेच गोडवे कसे गातेस, हा सगळा सूर.

आणि मग २००६. 'टूल'चा अल्बम, '१०,००० डेज'. सत्तावीस वर्षांचे साधारण दहा हजार दिवस होतात. दोन भागांतलं एक गाणं, 'विंग्ज फॉर मरी', पुन्हा आईलाच. पण इथे शिवी नाही. इथे तो तिला सांगतो, की स्वर्गाच्या दारात उभी राहा आणि तुझे पंख हक्कानं मागून घे. सांत्वनाला आलेल्या धार्मिक लोकांना तो बोल लावतो, तिला नाही. काही ख्रिस्ती चाहते म्हणतात, बघा, आला ना वाटेवर! नास्तिक चाहते म्हणतात, छे, उपरोध आहे तो. मला दोन्ही पटत नाही. तो देवाला मानायला लागला नाहीये, तो आईला मानायला लागलाय. देव असलाच तर तो तिचं देणं लागतो, असा हा हिशोब आहे.

विठ्ठलाला शिव्या देणारी जनाबाई आपल्याला चालते, तिथे आपण लाडानं हसतो. इथे इलेक्ट्रिक गिटार आली की लगेच संस्कृती धोक्यात.

ही गाणी मला का लागली, ते सांगते. मी कॉलेजात असताना आजीला पॅरॅलिसिसचा झटका आला. उजवी बाजू गेली. चार वर्षं ती हॉलमधल्या दिवाणावर होती आणि रोज संध्याकाळी डाव्या हातात माळ घेऊन हरिपाठ म्हणायची. जोडाक्षरं जमायची नाहीत, 'विठ्ठल'चं 'विथल' व्हायचं. मला ते ऐकवायचं नाही. मी आतल्या खोलीत जाऊन हेडफोन लावायचे आणि 'जुडिथ' लूपवर टाकायचे. मला बोलता येत नव्हतं ते कोणीतरी ओरडून बोलत होतं. दुसरं गाणं तेव्हाही माहीत होतं, पण लांबलचक आणि कंटाळवाणं वाटायचं. ती गेल्यावर तेराव्याच्या रात्री, सगळे पाहुणे झोपल्यावर, ते पहिल्यांदा शेवटपर्यंत ऐकलं.

गाणं तेच, रेकॉर्डिंग तेच. माझ्या बाजूनं काहीतरी बदललं होतं.

बाय द वे, प्रत्येक गाण्यात एवढं काही नसतं. 'टूल'चे चाहते तर या बाबतीत महाभारी. 'लॅटरॅलस' या २००१ च्या गाण्यात ओळींमधली अक्षरं फिबोनाची क्रमानं येतात, १, १, २, ३, ५, ८. खरंच येतात! मात्रावृत्तं मोजताना हीच संख्यामाला आपल्या हेमचंद्राला बाराव्या शतकात सापडली होती, त्यामुळे मला उगाच अभिमान वाटतो. पण त्यावरून गाण्यांचा क्रम बदलून गुप्त संदेश काढणारेही आहेत. त्यांना लांबूनच नमस्कार. उलट 'नथिंग एल्स मॅटर्स' बघा. हेटफिल्डनं फोनवर गर्लफ्रेंडशी बोलता बोलता छेडलेली ती धून, बँडसाठी नव्हतीच. आज ती लग्नांत वाजते आणि मयतांतही.

तर, ऐकायचंच असेल तर क्रम पाळा. आधी 'जुडिथ', चार मिनिटं. ऑफिसच्या स्पीकरवर नको, एचआरकडून मेल येईल. मग 'विंग्ज फॉर मरी'चे दोन्ही भाग, मिळून साधारण सतरा मिनिटं. 'टूल'नं २०१९ पर्यंत आपली गाणी स्ट्रीमिंगवर येऊच दिली नव्हती, आता तिथे सगळी आहेत. शब्द समोर ठेवा. दुसऱ्या भागात पावसाचा आणि विजांचा आवाज येतो, तेव्हा खिडकीकडे बघू नका. तो गाण्यातलाच आहे.