दारूपासून सुटका : आधारगटाच्या सभेची वाट कशी शोधावी?

आपल्या चांदा धर्मप्रांतातील वर्धा, चंद्रपूर आणि गडचिरोली या तिन्ही जिल्ह्यांनी दारूबंदीचा अनुभव घेतलेला आहे. वर्ध्यात १९७५ पासून बंदी आहे. गडचिरोलीत लोकांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, प्रदीर्घ आंदोलनानंतर १९९३ साली बंदी लागू झाली. चंद्रपुरातील भगिनींनीही वर्षानुवर्षे लढा दिला. तेथे १ एप्रिल २०१५ रोजी बंदी आली आणि मे २०२१ मध्ये राज्य मंत्रिमंडळाच्या निर्णयाने ती उठली. बंदी असावी की नसावी, याची चर्चा पुष्कळ झाली आहे. या लेखात आम्हांला वेगळ्याच प्रश्नाकडे लक्ष वेधावयाचे आहे. दुकान उघडे असो वा बंद, ज्या माणसाच्या शरीराला व मनाला दारूची सवय जडली आहे, त्याने आज संध्याकाळी जावे कोठे?

मद्यासक्ती हा आजार आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगांच्या वर्गीकरणात नमूद आहे. तरीही आपल्या घराघरांत तो लपविला जातो. पत्नी शेजाऱ्यांना ‘ताप आला आहे’ असे सांगते, मुले शाळेत गप्प राहतात आणि आई जपमाळ हाती घेऊन रात्री उशिरापर्यंत दाराकडे पाहत बसते. जेथे बंदी आहे तेथे कायद्याची भीतीही असते. म्हणून प्रथम हे स्पष्ट करणे आवश्यक आहे की, उपचार मागणे हा गुन्हा नाही.

आधी वैद्यकीय सल्ला

अनेक वर्षे रोज पिणाऱ्या माणसाने केवळ शपथ घेऊन एका दिवसात दारू बंद करणे धोक्याचे ठरू शकते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दोन ते चार दिवसांत तीव्र थरथर, घाम, ताप, भ्रम व भास होऊ शकतात आणि वेळीच उपचार न मिळाल्यास प्राणही जाऊ शकतो. ‘बाहेरची बाधा’ समजून अशा रुग्णाला घरी ठेवू नये. त्याला तातडीने रुग्णालयात न्यावे. डॉक्टर योग्य औषधे व ‘ब-१’ जीवनसत्त्व देऊन हा काळ सुरक्षितपणे पार पाडू शकतात.

गडचिरोली जिल्ह्यात २०१६ मध्ये ‘मुक्तिपथ’ हा उपक्रम सुरू झाला. डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांची ‘सर्च’ संस्था, राज्य शासन आणि टाटा ट्रस्ट यांनी तो एकत्र येऊन उभारला. तालुक्याच्या ठिकाणी व्यसन उपचार क्लिनिक आणि गावपातळीवर उपचार शिबिरे, असे त्याचे स्वरूप आहे. सिरोंचा वा भामरागडच्या माणसाला जिल्ह्याच्या ठिकाणी जाण्यात अख्खा दिवस मोडतो. त्यामुळे तालुक्यात मिळणाऱ्या मदतीचे मोल मोठे आहे. चंद्रपूरच्या बांधवांनी शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात मानसोपचार विभागाची चौकशी करावी. १४४४६ या राष्ट्रीय व्यसनमुक्ती दूरध्वनी सेवेवरही विनाशुल्क मार्गदर्शन मिळते.

औषधानंतर सोबत

औषध शरीराला सावरते. परंतु मोहफुलांचा हंगाम येतो, लग्नसराई येते, रोवणीची मजुरी हातात पडते आणि जुने मित्र हाक मारतात, तेव्हा काय करावे? येथेच आधारगटाचे काम सुरू होते.

१९३५ साली अमेरिकेतील अ‍ॅक्रन शहरात एक शेअर दलाल आणि एक शल्यचिकित्सक एकमेकांना भेटले. दोघेही दारूने उद्ध्वस्त झालेले होते. आपली व्यथा दुसऱ्या मद्यासक्तासमोर मोकळी केली, तर त्या दिवशी न पिता राहता येते, असे त्यांना उमगले. त्यातूनच ‘अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस’, म्हणजेच ‘एए’, ही बंधुता जन्मास आली. अ‍ॅक्रनच्या सेंट थॉमस रुग्णालयातील धर्मभगिनी इग्नेशिया यांनी या रुग्णांसाठी दार उघडले आणि येशूसंघीय फादर एडवर्ड डाउलिंग हे संस्थापकांपैकी एकाचे आध्यात्मिक स्नेही झाले. १९५७ पासून भारतातही एएच्या सभा होत आहेत. महाराष्ट्रात फादर जो परेरा यांनी १९८१ साली मुंबईत ‘कृपा फाउंडेशन’ची, तर डॉ. अनिता व डॉ. अनिल अवचट यांनी १९८६ साली पुण्यात ‘मुक्तांगण’ची स्थापना केली.

सभेत काय घडते?

नवख्या माणसाला सभेची धास्ती वाटते. प्रत्यक्षात तेथे एक साधी खोली, काही खुर्च्या आणि बहुधा चहा असतो. सभा साधारण तास-दीड तास चालते. बोलणारा केवळ आपले पहिले नाव सांगतो आणि आपण मद्यासक्त आहोत हे मान्य करतो. मग तो स्वतःचा अनुभव सांगतो. मध्येच कोणी टोकत नाही, उपदेश करीत नाही. ज्याला बोलायचे नसेल त्याने नुसते ऐकले तरी चालते. प्रवेश फी नाही. शेवटी टोपली फिरते, तीत ऐच्छिक वर्गणी टाकता येते. दारू सोडण्याची इच्छा एवढीच सभासदत्वाची अट आहे. एए कोणत्याही धर्माशी वा पंथाशी संलग्न नाही. तेथे ऐकलेले तेथेच राहते.

‘खुल्या’ सभेला कुटुंबीय व हितचिंतकही येऊ शकतात. ‘बंद’ सभा केवळ दारूची समस्या असलेल्यांसाठी असते. कुटुंबीयांसाठी ‘अल-अनॉन’ हे स्वतंत्र गट आहेत. पती अजून पीत असला तरी पत्नी तेथे जाऊ शकते. आपल्यामुळे तो पितो, हे ओझे तिच्या खांद्यावरून तेथे उतरते. दारूच्या आहारी गेलेल्या भगिनींनीही संकोच बाळगू नये. ही दारे त्यांनाही खुली आहेत.

सभा कशी शोधावी?

सभेचे वार व जागा बदलत असतात, म्हणून निघण्यापूर्वी दूरध्वनीवरून खात्री करावी. एएच्या सेवा कार्यालयाकडे, उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडे किंवा व्यसनमुक्ती केंद्राच्या समुपदेशकाकडे आपल्या जवळच्या गटाची चौकशी करावी. ओळखीच्या नजरा टाळायच्या असतील तर शेजारच्या गावातील सभेला जावे. परतीची शेवटची एस. टी. किती वाजता आहे, हे गटातील बांधवांना आधीच सांगावे. अंतर फारच असेल तर दूरध्वनीवरील सभांना बसता येते; २०२० च्या महासाथीपासून त्या पुष्कळ वाढल्या आहेत. एका सभेवरून निर्णय करू नये. निदान सहा सभांना बसून पाहावे. पाय घसरला, पुन्हा प्यायलो, तरी पुढच्या सभेला जावे. तेथे कोणी हाकलून देत नाही.

धर्मग्रामाने काय करावे?

दोन मद्यासक्त दारूमुक्त राहण्यासाठी नियमित एकत्र आले, की गट सुरू होऊ शकतो. त्यांना हवी असते ती ठरलेल्या वेळी उघडी मिळणारी एक खोली. धर्मग्रामाच्या सभागृहाची किल्ली आपण देऊ शकतो. मात्र गट त्यांचा आहे, तो आपण चालवू नये आणि कोण आले याची नोंदही ठेवू नये. नामकरण, लग्न व सणाच्या जेवणावळीत ‘एक घोट घे’ हा आग्रह आपण कायमचा सोडावा. ज्या बांधवाला द्राक्षारसाचा स्पर्शही नको वाटतो त्याने धर्मगुरूंना तसे सांगावे. केवळ भाकरीच्या रूपातही प्रभू ख्रिस्त पूर्णपणे उपस्थित असतो, ही आपली श्रद्धा आहे.

डब्लिनचा हमाल मॅट टालबट याने १८८४ साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, दारू सोडली. सुरुवातीला त्याने केवळ तीन महिन्यांचे वचन दिले होते. पुढे तो मृत्यूपर्यंत, म्हणजे १९२५ पर्यंत, दारूमुक्त राहिला. १९७५ साली ख्रिस्तसभेने त्याला ‘आदरणीय’ म्हणून घोषित केले. एएमध्येही आयुष्यभराची शपथ घ्यावी लागत नाही. ‘फक्त आजचा दिवस’ एवढाच निश्चय असतो.

उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील पित्याने मुलगा दूर असतानाच त्याला पाहिले आणि तो धावत गेला. आपल्या वस्तीतही असा एखादा घराकडे परतू पाहत असेल. पहिल्या सभेला त्याने एकट्याने जाऊ नये. आपल्यापैकी कोणीतरी त्याच्यासोबत बसथांब्यापर्यंत चालत जावे, एवढीच आमची नम्र विनंती आहे.