बाळाच्या खिमटाची पिठी

बाळाला सहा महिने झाले की आमच्या वऱ्हाडातल्या घरांत जाड बुडाची कढई निघते आणि तांदूळ भाजल्याचा वास जिन्यापर्यंत येतो. वऱ्हाड ज्वारी-कापसाचं. तांदूळ येतो तो पूर्वेकडून, भंडारा-गोंदिया-चंद्रपुरातून. किराणा दुकानात आपण सहज मागतो तो एचएमटी नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांची देणगी. 1983 साली पटेल-3 धानात त्यांना वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्या निवडून, पुन्हा पुन्हा पेरून त्यांनी हे वाण तयार केलं. दाणा बारीक आहे, म्हणून भाजताना आच मंदच हवी.

एक वाटी तांदळाला पाव वाटी मुगाची डाळ घ्या. दोन-तीन पाण्यांनी धुऊन सुती कापडावर खडखडीत वाळवा. ओल राहिली की पिठी लवकर कुबट होते. तांदूळ आणि डाळ वेगवेगळी भाजा, कारण दोन्हींना वेळ सारखा लागत नाही. हात थांबवायचा नाही. तांदळाचा दाणा आधी पारदर्शक दिसतो, मग पांढराशुभ्र होतो, किंचित फुगतो आणि दाताखाली कुटकन तुटतो. तिथे गॅस बंद. लाल होईपर्यंत वाट पाहू नका, करपट चव बाळाला नको. परातीत पसरून पूर्ण गार झाल्यावर दळा, चाळा, कोरड्या डब्यात भरा. पावसाळ्यात थोडी थोडीच करा.

भाजल्याने ओल उडते, पिष्टाचे काही लांब धागे तुटतात आणि खिमट कमी चिकट होतं. पण भाजलेलं म्हणजे शिजलेलं नव्हे. पिठी गार पाण्यात कालवून, मग सात-आठ मिनिटं ढवळत शिजवावीच लागते.

आपल्याकडे खिमट फार पातळ करतात, हे मला खटकतं. एवढ्याशा पोटात नुसतं पाणी गेलं तर अंगी काय लागणार? चमचा तिरका केल्यावर ओघळून जाणार नाही इतकं घट्ट करा, वर चमचाभर साजूक तूप सोडा. मीठ, साखर, मध वर्षाच्या आत नको. तांदळात लोह नावापुरतंच असतं आणि बाळाचा जन्मापासूनचा साठा सहा महिन्यांच्या सुमाराला सरत येतो, म्हणून रोज नुसत्या पिठीवर भागवू नका. घोटलेलं वरण, पालक, नाचणी आणि घरी चालत असेल तर अंडंही द्या. अंगावरचं दूध सुरूच ठेवा. वाटीत उरलेलं खिमट संध्याकाळसाठी ठेवू नका. शिजलेल्या भातात जंतू लवकर वाढतात.