पाणी कुठे मुरतंय?

अमेरिकेच्या ग्रामीण भागातून जाताना धान्याच्या कोठारामागे, गवतात चाकं रुतलेला एखादा जुना ट्रॅव्हल ट्रेलर हमखास दिसतो. गाडीला जोडून ओढत न्यायचं हे घर. आत झोपायची जागा, शेगडी, फ्रीज, कधी न्हाणीघरही. मालक तो कवडीमोलाने द्यायला तयार असतो आणि बघणाऱ्याच्या डोळ्यांसमोर लगेच तळ्याकाठची सुट्टी उभी राहते. असा ट्रेलर घेऊन नव्यासारखा करणं परवडतं का?

मोह का पडतो, ते आधी पाहू. चार्ल्स लिंडबर्गने अटलांटिक ओलांडला ते ‘स्पिरिट ऑफ सेंट लुइस’ विमान ज्याच्या देखरेखीखाली बांधलं गेलं, त्या हॉली बोलसने १९३४ मध्ये विमानासारखा ॲल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटने जोडून ‘रोड चीफ’ हा ट्रेलर बनवला. त्याचा धंदा चालला नाही. पण १९३६ मध्ये वॉली बायमने त्याच धर्तीवर ‘एअरस्ट्रीम क्लिपर’ बाजारात आणला आणि ते चंदेरी रूप अमेरिकेच्या मनात कायमचं बसलं. १९६९ मध्ये चंद्रावरून परतलेल्या अंतराळवीरांना संसर्गाच्या भीतीने एका खास बनवलेल्या एअरस्ट्रीममध्येच ठेवलं होतं. राष्ट्राध्यक्ष निक्सन त्यांच्याशी खिडकीच्या काचेपलीकडून बोलले. पन्नास-साठच्या दशकांत मागच्या बाजूंना पत्र्याचे पंख लावलेले ‘शास्टा’ ट्रेलर मध्यमवर्गाच्या सुट्ट्यांची खूण झाले. आजच्या खरेदीदाराच्या मनात यातलं काहीतरी असतंच.

निर्णय मात्र इतिहासावर नव्हे, बांधणीवर घ्यायचा. साध्या ट्रेलरचा सांगाडा लाकडी पट्ट्यांचा आणि वरचं आवरण पातळ ॲल्युमिनियमचं असतं. पत्र्यांच्या सांध्यांतलं लांबी-सीलंट वाळलं की पाणी आत झिरपतं आणि खालचे कोपरे आधी कुजतात. वाळवी लागलेल्या वाशासारखं असतं हे: वरून रंग शाबूत, आत भुसा. तरीही हा प्रकार घरी सुधारता येतो. पत्रा उतरवायचा, कुजलेल्या पट्टीच्या मापाची नवी कापायची आणि बसवायची. सुतारकामाची सवय असलेल्याला ते जमतं, वेळ मात्र भरपूर लागतो.

एअरस्ट्रीमचं दुखणं वेगळं. त्याची प्लायवुडची जमीन खालची लोखंडी चौकट आणि वरचं कवच यांच्यामध्ये चेपलेली असते. मागच्या बाजूला पाणी गळून ती कुजली की कवच आणि चौकट एकमेकांपासून सुटू लागतात. मागच्या बंपरवर उभं राहून हलकेच हेलकावा द्यावा. बंपर हलला आणि कवच जागचं हललं नाही, तर काम मोठं आहे. अशा वेळी अख्खं कवच उचलून चौकटीपासून सुरुवात करावी लागते.

सत्तर-ऐंशीच्या दशकांपासून फायबरग्लासचे पातळ पत्रे प्लाय आणि फोमवर चिकटवून भिंती बनवायची रीत रुळली. आत पाणी शिरलं की गोंद सुटतो आणि भिंतीला फुगे येतात. असा फुगा दिसला तर बहुतेकांनी पाठ फिरवावी. याउलट १९६८ मध्ये कॅनडातल्या विनिपेगला सुरू झालेल्या ‘बोलर’सारखे छोटे ट्रेलर फायबरग्लासच्या साच्यातल्या दोन अर्ध्या कवचांचे असतात. सांधे कमी म्हणून गळतीच्या जागाही कमी. वाचवण्याजोगे जुने ट्रेलर बहुधा यांच्यातच सापडतात.

पाहायला जाताना सोबत टोच्या, विजेरी आणि जुने कपडे न्यावेत. खिडक्यांखाली आणि कोपऱ्यांत भिंत दाबून बघा, जमिनीवर टाच आपटून पोकळ किंवा मऊ जागा शोधा. ताज्या रंगाखाली डाग लपलेले असू शकतात, म्हणून नुकत्याच रंगवलेल्या छताकडे जास्त संशयाने बघावं. मग खाली सरपटत जाऊन चौकटीचा गंज आणि पुढच्या दांड्याच्या जोडणीतल्या भेगा तपासा. रबरी स्प्रिंगचे ॲक्सल असतील, तर रिकाम्या ट्रेलरच्या चाकांची भुजा खाली झुकलेली हवी. ती आडवी किंवा वर गेली असेल, तर रबर मेलं. टायरची नक्षी बघून समाधान मानू नका. त्यावरचा चार आकडी शिक्का वाचा: २३१५ म्हणजे २०१५ सालचा तेविसावा आठवडा. फ्रीजच्या मागे पिवळी भुकटी दिसली, तर त्यातला अमोनिया गळलेला आहे. गॅसच्या नळ्यांची दाबचाचणी जाणकाराकडूनच करून घ्यावी.

कागद तितकेच महत्त्वाचे. मालकीचं प्रमाणपत्र नसेल किंवा चौकटीवरचा क्रमांक त्याशी जुळत नसेल, तर नोंदणीसाठी फेऱ्या पदरी येतात. आपली गाडी किती वजन ओढू शकते, हेही आधी बघा. भरलेल्या ट्रेलरच्या वजनाचा साधारण दहा ते पंधरा टक्के भार गाडीच्या हुकावर पडायला हवा. कमी पडला तर ट्रेलर रस्त्यावर डोलू लागतो.

आणि जागेचं काय? न्यू जर्सी किंवा बे एरियातल्या उपनगरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांना हा प्रश्न लगेच कळेल. अनेक वसाहतींचे नियम घरासमोर ट्रेलर उभा करू देत नाहीत. मग महिन्याचं भाडं भरून तो दूर कुठेतरी ठेवायचा आणि शनिवार-रविवारी हत्यारं घेऊन तिथे जायचं. हे भाडंही दुरुस्तीच्या हिशेबातच धरावं.

हिशेब खरा हवा असेल, तर उद्देश आधी ठरवावा. पुढच्या उन्हाळ्यात कुटुंबाला घेऊन फिरायचं असेल, तर गळती नसलेला, थोडा वापरलेला ट्रेलर घेणं शहाणपणाचं. विकून नफा कमवायचा असेल, तर दुर्मीळ मॉडेल आणि स्वतःची मेहनत, दोन्ही लागतात. कारागिराला तासाप्रमाणे पैसे देऊन केलेल्या कामाचा खर्च सामान्य मॉडेलच्या विक्रीतून क्वचितच निघतो. अंगणात पाहुण्यांची खोली किंवा कॉफीची टपरी करायची असेल, तर ॲक्सल-ब्रेकवर फार खर्च न करता तोच ट्रेलर स्वस्तात उपयोगी पडतो.

उरतो तो, ज्याला कामच आवडतं. एकाने बाहेरून रिव्हेट ठोकायचा, दुसऱ्याने आतून लोखंडी ठोकळा धरायचा, अशा दोघांच्या कामात त्याचा रविवार आनंदात जातो. त्याच्या मजुरीची किंमत लावायचं कारण नाही. पण सामानाच्या खर्चाची मर्यादा त्यानेही खरेदीपूर्वी कागदावर लिहावी, आणि मऊ जमिनीखाली गंजलेली चौकट निघाली तर सौदा तिथेच सोडावा. फुकट मिळालेला ट्रेलरही परवडेनासा होतो, तो बहुधा ही मर्यादा आधी ठरवलेली नसते म्हणून.