खाडीकाठचा जमाखर्च (भाग ९) : वादळात होडी सांभाळायची किंमत

मागच्या लेखात बेलापूरच्या जेटीचा खर्च पाहिला. तिथून १७ फेब्रुवारी २०२२ ला वॉटर टॅक्सी सुरू झाली, उतारूंची सोय झाली. पण वादळ आलं की होडी ठेवायची कुठे, हा जवळच्या दिवाळे कोळीवाड्याचा प्रश्न जुनाच आहे.

फ्लोरिडात याचं रीतसर बिल येतं. वादळाआधी मरिनाचे लोक नाव क्रेनने उचलून जमिनीवर पट्ट्यांनी बांधतात. काही विमा कंपन्या त्यातला निम्मा खर्च ठरावीक मर्यादेपर्यंत देतात, कारण बुडालेल्या नावेची भरपाई त्याहून महाग पडते.

आपल्याकडे खाडी फुकट. बिल मात्र इथेही येतं, फक्त कोणी छापून देत नाही. जादा नांगर, जाड दोर, दोन होड्यांमध्ये अडकवायचे टायर, रात्रभर पहाऱ्याला बसणारे खलाशी, होडी वर काढायची तर क्रेन नाहीतर ओढणारी वीस माणसं. यात सर्वांत महाग काय, तर बुडालेला धंदा. १ जूनपासून मासेमारी बंद होते, म्हणून मे महिन्यातला एकेक दिवस नाखव्याला मोलाचा. तौक्ते चक्रीवादळ नेमकं १७ मे २०२१ ला मुंबईसमोरून गेलं. आधीच्या वर्षीचं निसर्ग ३ जूनला रायगडच्या किनाऱ्यावर धडकलं, म्हणजे होड्या शाकारायच्या ऐन दिवसांत.

होडी वर घ्यायला नुसते पैसे पुरत नाहीत, पाणीही लागतं. ओहोटीला खाडीत चिखलच उरतो. भरलेल्या उधाणावर होडी तरंगत किनाऱ्याच्या वरच्या अंगाला नेता येते. तौक्ते आलं तेव्हा अमावास्या होऊन पाच-सहा दिवस झाले होते, भांग, म्हणजे लहान भरतीचे दिवस, जवळ आला होता. भांगाचं पाणी तेवढं चढत नाही. मग होडी पाण्यातच नांगरायची आणि दोराला ढील किती द्यायची याचा अंदाज बांधायचा. कमी दिली तर भरतीला दोर तुटतो. जास्त दिली तर होडी शेजारणीवर आदळते. त्या दिवशी कुलाब्याला वाऱ्याचे झोत ताशी १०० किलोमीटरच्या वर गेले आणि मुंबईच्या कोळीवाड्यांत बंदराला लागलेल्या होड्याही फुटल्या.

मदतीचं काय? केंद्राच्या तेव्हाच्या निकषात अंशतः मोडलेल्या होडीला ४,१०० रुपये, पूर्ण गेलेलीला ९,६०० रुपये होते. तौक्तेनंतर राज्याने ते १०,००० आणि २५,००० केले. वाढ चांगलीच, पण २५ हजारांत नवी होडी उभी राहत नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको.

माझं म्हणणं एवढंच, की कोळीवाड्यांजवळच्या खाडीमुखाचा गाळ वेळेवर काढा आणि इशारा मिळताच सरकारी खर्चाने क्रेन पाठवा. होडी फुटली तर पैसे मिळतात. ती वाचवायला केलेल्या खर्चाला त्या निकषांत रकानाच नव्हता.