खेळाचा प्रकार ठरवावा कोणी?

ज्यांनी लहानपणी हुतूतू खेळला आहे, त्यांना एक प्रश्न विचारावासा वाटतो. आपल्याकडे बाद झालेला गडी पुन्हा जिवंत होत असे काय?

या एका प्रश्नावरून त्या खेळाचे तीन प्रकार मानले जात. संजीवनीत प्रतिपक्षाचा गडी बाद झाला की आपला एक गडी मैदानात परते. गामिनीत बाद झालेला गडी सारा संघ संपेपर्यंत बाहेरच बसे. अमरमध्ये तर कोणी बाहेर जातच नसे. केवळ गुण मोजला जाई. दम तोच, चढाई तीच. परंतु मरणाचा नियम बदलला की खेळाचा स्वभावच पालटे.

श्रोतेहो, संगणकावरील खेळांच्या जगात आज जो वाद चालला आहे, तो नेमका याच प्रश्नाभोवती फिरतो, ही गोष्ट मोठी मौजेची आहे. १९८० च्या सुमारास कॅलिफोर्नियातील काही विद्यार्थ्यांनी 'रोग' नावाचा खेळ रचला. त्यातले भुयार दर वेळी नवे, आणि नायक मेला की डाव पहिल्यापासून. ही गामिनीच म्हणावयाची! त्याच्या धर्तीवर पुढे अनेक खेळ निघाले आणि त्यांना 'रोगलाइक' हे नाव पडले. २००८ साली बर्लिन येथे असे खेळ रचणारे जमले आणि त्यांनी या प्रकाराची लक्षणे लिहून काढली: पट चौकटींचा असावा, चाली आळीपाळीने व्हाव्यात, मरण कायमचे असावे, इत्यादी. पण त्याच सुमारास धावत्या, उड्या मारणाऱ्या खेळांतही नवे भुयार आणि कायमचे मरण येऊ लागले. काटेकोर मंडळींनी त्यांना 'रोगलाइट' म्हणून वेगळ्या पंक्तीस बसविले. खेळणारांनी मात्र ती पंगत फारशी मानली नाही.

याला केवळ शब्दच्छल म्हणता येणार नाही. 'स्टीम' या मोठ्या विक्रीकेंद्रात २०१४ पासून खेळांना प्रकारांच्या चिठ्ठ्या ग्राहकही लावू शकतात, आणि त्या चिठ्ठ्यांच्या वाटेनेच पुढचा ग्राहक येतो. चुकीच्या फळीवर गेलेला खेळ कितीही उत्तम असो, तो आपल्या माणसाला सापडत नाही. एकट्याने वर्षे खर्चून खेळ रचणाऱ्याच्या पोटाचाच हा प्रश्न आहे.

हुतूतूचा निकाल निराळ्या रीतीने लागला. १९५० साली अखिल भारतीय कबड्डी महासंघ स्थापन झाला. एकच नियमावली रूढ होत गेली. तीत संजीवनीचे तत्त्व टिकले. सात गड्यांचा तोच खेळ १९९० मध्ये बीजिंगच्या आशियाई स्पर्धेत पोहोचला. एक नियम नसता, तर मद्रासचा चेडुगुडू आणि आपला हुतूतू एका मैदानावर भेटते ना. या एकीची किंमत गामिनीने आणि अमरने दिली, असे मला वाटते. आज ती नावे बहुतेकांना सांगावी लागतात.

संगणकाच्या खेळांना असा महासंघ नाही. बर्लिनची यादी कोणावर बंधनकारक नव्हती, आणि तिच्याबाहेर पडलेल्या खेळांनाही खेळणारे बेलाशक 'रोगलाइक'च म्हणत राहिले.